कुठे उंडारतेयस?

नुसतं फिरणं आणि मनसोक्त कल्ला करणं, या दोन गोष्टींसाठी इंग्रजीत ढीगभर शब्द आहेत. पण कुठला शब्द कुणाला चिकटतो, यातच खरी गोम आहे!

शनिवारची संध्याकाळ. मोबाइल वाजतो.
"कुठे आहेस?"
"अगं, इथेच. फिरतेय."
"काही काम होतं का?"
"नाही गं."
दोन सेकंद शांतता. मग, "मग उंडारतेयस कशाला?"

सोमवारी ऑफिसमध्ये कॉफी मशीनपाशी हाच प्रश्न जरा पॉलिश होऊन येतो. वीकेंडला काय केलंस? 'काही नाही, नुसती फिरले' असं सांगायची आपल्याला चक्क लाज वाटते. ट्रेक, वर्कशॉप, गेला बाजार एखादा सेल तरी हवाच ना!

इंग्रजीने मात्र रिकामं फिरण्याच्या एकेक तऱ्हा नोंदवून ठेवल्यात. आरामात, ऐटीत चालणं म्हणजे सॉन्टर. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो तर या शब्दाच्या प्रेमातच होता. १८६२ मध्ये छापून आलेल्या 'वॉकिंग' या निबंधात त्याने सॉन्टरचं नातं थेट पवित्र भूमीकडे निघालेल्या यात्रेकरूंशी जोडलं. शब्दकोशवाल्यांना ते पटत नाही, पण आयडिया भारी आहे! मिअँडर म्हणजे वळणं घेत भटकणं. तुर्कस्तानातल्या एका नदीचं हे प्राचीन नाव. ती इतकी वळसे घेत वाहते की तिच्या नावाचंच क्रियापद झालं. मोझी म्हणजे रमतगमत जाणं, पण १९ व्या शतकात अमेरिकेत त्याचा अर्थ होता, झटपट सटकणं!

भटकंती आली की दंगा आलाच. बॉइस्टरस म्हणजे आज दंगेखोर, उत्साहाने फसफसणारा. मूळ अर्थ मात्र रांगडा, ओबडधोबड. रम्बस्टियस हा ब्रिटिश शब्द, त्याचाच अमेरिकन अवतार बहुधा रॅम्बंक्शस. घरभर नाचणाऱ्या पोरांना अगदी फिट्ट बसणारा. आणि नाक वर करून वागणाऱ्यांसाठीचा हॉइटी-टॉइटी? तो सुरुवातीला चक्क धांगडधिंग्याशी जोडलेला होता.

तो भटक्या, ती भटकभवानी

आता गोम बघा. ट्रॅम्प म्हटलं की आपल्याला १९१५ च्या 'द ट्रॅम्प'मधला चार्ली चॅप्लिन आठवतो. गरीब, भटका, पण लाडका. हाच शब्द बाईला लावला की शिवी होते! ट्रेप्स म्हणजे पाय ओढत फिरणं, आणि एकेकाळी गबाळ्या बाईलाही ट्रेप्सच म्हणायचे. टॉमबॉय हा आधी आडदांड मुलगा होता, हॉयडन हा अडाणी पुरुष. पुढे दोन्ही शब्द दंगेखोर मुलींच्या माथी मारले गेले.

आपण हसायचं कारण नाही. ट्रेकिंगच्या टी-शर्टवर 'भटक्या' छाती काढून मिरवतो. 'भटकभवानी' लिहिलेला टी-शर्ट मी तरी अजून पाहिलेला नाही.

चालल्याबद्दल तुरुंग

बरं, शब्दांमुळे फक्त टोमणे बसतात असं नाही. लॉयटरिंग, म्हणजे उगाच घुटमळणं. इंग्लंडमध्ये १८२४ च्या एका कायद्याखाली पोलीस संशयास्पद लॉयटरिंगसाठी थेट अटक करू शकत. १९७० च्या दशकात कृष्णवर्णीय तरुणांवर ते कलम सर्रास वापरलं गेलं. मोठी ओरड झाली, तेव्हा कुठे १९८१ मध्ये ते गेलं.

त्याआधीची एक गोष्ट तर सिनेमात शोभेल अशी. २४ एप्रिल १९३२. मँचेस्टर आणि आसपासचे शेकडो तरुण कामगार किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मुद्दाम घुसले. डोंगर खासगी, श्रीमंतांच्या शिकारीसाठी राखलेला. यांची मागणी एवढीच की आठवडाभर राबतो, सुट्टीला मोकळं फिरू द्या. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. आरोप? दंगलीचा! म्हणजे कोर्टात भटकंतीचा थेट दंगा झाला. २००० मध्ये कायदा आला आणि इंग्लंड-वेल्समधल्या बऱ्याच मोकळ्या डोंगरमाळांवर चालायचा हक्क सगळ्यांना मिळाला. त्याला नाव पडलंय, 'राइट टू रोम'. भटकण्याचा हक्क!

कटिंग आणि कट्टा

हक्काची हीच गोष्ट मुंबईच्या रस्त्यांवर आणली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी. त्यांच्या २०११ च्या 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकाचा मुद्दा साधा आहे. बाईला रस्त्यावर थांबायचं तर काहीतरी कारण दाखवावं लागतं. बसची वाट बघतेय, फोनवर बोलतेय, खरेदीला निघालेय. ऑफिसमधले मित्र एका कटिंगवर टपरीपाशी तासभर टाइमपास करतात. आपण एकट्या असलो तर पाचव्या मिनिटाला मोबाइलमध्ये डोकं घालतो. कामात आहोत हे दिसायला हवं ना! या तिघींचं म्हणणं, सुरक्षितता हवीच, पण विनाकारण घुटमळण्याचा हक्कही हवा. आणि तो सगळ्यांनाच हवा.

तेव्हा या वीकेंडला मोबाइल पर्समध्ये ठेवा. सॉन्टर करा, मिअँडर करा, हसायला आलं तर रस्त्यात खदखदून हसा. फोन येईलच.

"कुठे उंडारतेयस?"

"समुद्रावर. तू पण येतेस का, आई?"