पाणी तोडून वजन उतरवू नका

जत्रेचे किंवा निवड चाचणीचे दिवस आले की तालमीत एक देखावा ठरलेला. भर दुपारी पोरगं अंगात दोन-दोन स्वेटर घालून डांबरी रस्त्यानं पळतंय. परवा पीक पाहणीला गेलो तेव्हा एका गावात हेच बघितलं. वडील कौतुकानं म्हणाले, "साहेब, पोरगं लई जिद्दी. दोन किलो जास्त भरतंय म्हणून कालपासनं पाण्याचा घोट घेतला नाही." मला मात्र काळजी वाटली.

पॅरिस ऑलिम्पिकची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ६ ऑगस्ट २०२४ ला विनेश फोगटनं जपानच्या युई सुसाकीला हरवलं आणि ५० किलो गटाची अंतिम फेरी गाठली. कुस्त्या दोन दिवस चालतात आणि वजन दोन्ही सकाळी होतं. रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले, तरी काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली. पदक गेलं त्याची चर्चा खूप झाली. पण त्या सकाळी अंगातलं पाणी आटल्यामुळं तिला दवाखान्यात न्यावं लागलं, त्याची चर्चा कमी झाली.

अमेरिकेत तर १९९७ साली महिना-सव्वा महिन्यात कॉलेजचे तीन पैलवान असंच वजन उतरवताना दगावले. तापलेल्या खोलीत, हवा न खेळणारे कपडे घालून ते व्यायाम करीत होते. अंगात पाणी कमी पडलं की रक्त दाटतं, हृदयावर ताण येतो, घाम कमी होतो आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. शिवाय वजनाच्या दोन टक्के पाणी घटलं तरी दम लवकर लागतो. म्हणजे काटा जिंकला तरी कुस्ती अवघडच.

त्या तीन मृत्यूंनंतर तिथल्या कॉलेज संघटनेनं संशोधकांचं ऐकून नियम बदलले. हंगामाच्या सुरुवातीला आधी लघवी तपासायची. तिची घनता १.०२० पेक्षा जास्त आली तर पोरगं सुकलेलं आहे, त्या दिवशी पुढची मोजणी नाही. हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. भाताचं बी निवडायला दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ टाकतो ना, त्या पाण्याची घनता जवळपास एवढीच भरते. तपासणीचं यंत्रही ऊस पिकला का ते बघायच्या ब्रिक्स मीटरच्याच जातीचं, एक थेंब पुरतो.

मग अंगातली चरबी मोजतात. निदान पाच टक्के चरबी राहील एवढंच खाली उतरायला परवानगी, आणि तेही आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त नाही. साठ किलोच्या पोराला हे नऊशे ग्रॅम होतात. चार किलो उतरवायचे तर पाच आठवडे आधी सुरुवात हवी. आपल्याकडं सुरुवात होते आदल्या दिवशी!

वरच्या गटात गेलं की पोरगं मार खाईल, असं पुष्कळ वस्ताद म्हणतात. त्यांचा अनुभव मोठा, त्यात मी बोलणार नाही. पण कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलो गटात लढले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं ते ५७ किलो गटात.

यंत्र नसलं तरी घरी एक गोष्ट बघता येते. सकाळची पहिली लघवी फिकट असेल तर पाणी पुरेसं आहे. काकवीसारखी गडद झाली की त्या दिवशी पोराला पळवू नका, आधी पाणी पाजा. जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर मात्र ती तशीही पिवळीजर्द होते, त्यावरून अंदाज बांधू नका. आणि पळताना घाम थांबला, पोरगं बरळायला लागलं, तर सावलीत घ्या, कपडे काढा, अंगावर गार पाणी ओता आणि गाडी बोलवा. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.