उघडे दार आणि गारव्याचा हिशेब

अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या गांधी रोडवर वातानुकूलित दुकानाचे दार गिऱ्हाइकासाठी उघडे ठेवले जाते, आणि यंत्राचा ‘टन’ मात्र बहुधा केवळ जागेच्या चौरस फुटांवरून ठरतो. हा हिशेब अपुरा आहे. टन म्हणजे 24 तासांत एक अमेरिकी टन बर्फ वितळताना शोषली जाणारी उष्णता, अर्थात सुमारे 3.5 किलोवॉट. उंबऱ्याजवळ उदबत्ती धरल्यास धूर बाहेर ओढला जातो, चौकटीच्या वरच्या कडेला तोच आत वळतो, कारण थंड, जड हवा खालून निसटते आणि तिची जागा वरून येणारी तप्त हवा घेते. बाहेर 45 आणि आत 27 अंश असताना एक मीटर रुंद, 2.1 मीटर उंच उघड्या दारातून, वारा नसतानाही, सेकंदाला सुमारे 0.45 घनमीटर हवा शिरते, जिचा भार अडीच टनांच्या घरात जातो. तीन मीटरच्या शटरला तो तिप्पट होतो. वऱ्हाडातला उन्हाळा कोरडा असल्याने हा भार जवळजवळ निव्वळ तापमानाचा असतो, मात्र पावसाळ्यात हवेतील बाष्प पाण्यात बदलण्याचा, म्हणजे सुप्त उष्णतेचा, भार प्रत्येक घनमीटरमागे त्याहूनही अधिक ठरू शकतो. दुकानदारांनी यंत्र घेण्याआधी दाराची रुंदी व उंची अवश्य मोजावी आणि दार आपोआप मिटेल अशी सोय करावी.