मूल बोलत नाही? वाट पाहत बसू नका



कांद्याला पीळ पडला की आपण दुसऱ्याच दिवशी पात उपटून नामपूरच्या दुकानात दाखवायला नेतो. पण घरचे पोर दोन वर्षांचे होऊन बोलत नसले, तर "त्याचा बापही उशिराच बोलला" म्हणत वर्ष-दोन वर्षे काढतो. भाषा शिकण्याचा खरा हंगाम पहिल्या पाच वर्षांचा.

वर्षाचे मूल हाक ऐकून वळते, दीड वर्षाचे बोट दाखवते, दोन वर्षांचे "दूध दे" असे दोन शब्द जोडते. तसे होत नसेल तर आधी कान तपासून घ्या. कान चांगले असूनही काहींची भाषा मागे राहते. इंग्लंडमधील पाहणीत तीस मुलांच्या वर्गात अशी साधारण दोन निघाली. शाळेत त्यांना उगाच मठ्ठ ठरवतात. स्वमग्न मूल बहुधा नजर देत नाही, बोट दाखवत नाही, ऐकलेलेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते. यात आईचा दोष नाही. नवसाने किंवा जिभेखालची पडदी कापून हे सुटत नाही.

घरात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, म्हणून पोर गोंधळले असेही कुणी सांगेल. ते खरे नाही. तुमच्या तोंडात बसलेल्या बोलीतच त्याच्याशी बोला.

वाचा-उपचार म्हणजे औषध-गोळी नव्हे. तज्ज्ञ रीत दाखवतो, ती घरी रोज चालवायची. पोर शेळीकडे पाहत असेल तर आपणही तिकडेच पाहावे, "शेळी" म्हणावे आणि मनात पाचपर्यंत मोजत थांबावे. ते "शेळी" म्हणाले तर आपण "काळी शेळी" म्हणावे. "म्हण, म्हण" असा लकडा लावू नये. पोर तोंड मिटून घेते. न बोलणाऱ्याला खुणा आणि चित्रे द्यावीत. खुणांमुळे बोलणे अडते हा गैरसमज आहे. हातात मोबाईल दिला की पोर गप्प बसते खरे, पण मोबाईल त्याच्या उत्तरासाठी थांबत नाही!

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे. त्यात बोलण्यातला उशीरही पाहतात आणि गरज पडल्यास जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे. अंगणवाडीताईंना पथकाची तारीख विचारून ठेवा आणि त्या दिवशी पोराला मळ्यात नेऊ नका.