दादरचा फलाट आणि शाळेची घंटा

दादर स्टेशन तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. निदान त्याचे नाव तरी ऐकले असेलच. पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे येथे शेजारी-शेजारी धावतात. पूर्वी दोन्ही रेल्वे आपापले फलाट १ पासून मोजत. म्हणजे एकाच स्टेशनात १ क्रमांकाचे फलाट दोन, ३ क्रमांकाचे दोन आणि ५ क्रमांकाचेही दोन! नवख्या माणसाची अगदी त्रेधातिरपीट उडे. म्हणून ९ डिसेंबर २०२३ पासून सर्व फलाटांना सलग क्रमांक देण्यात आले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले.

आता गंमत पाहा. रूळ जागचे हलले नाहीत, जिने हलले नाहीत, गाड्याही आपल्या नेहमीच्याच जागी येत राहिल्या. बदलले ते फक्त आकडे. अशा वेळी चुकण्याची भीती कोणाला अधिक? पहिल्यांदाच दादरला उतरलेला माणूस पाटी वाचतो, म्हणून तो बरोबर जातो. पण ज्याने वर्षानुवर्षे "मध्य रेल्वेचा पाच नंबर" असे डोक्यात पक्के केले आहे, तो पाटीकडे पाहतच नाही. त्याने कोणाला "पाच नंबरला भेट" असा निरोप धाडला, तर तो मित्र पश्चिम रेल्वेच्या फलाटावर जाऊन उभा राहणार! कारण ५ हा क्रमांक नाहीसा झालेला नाही. तो आता फक्त पश्चिम रेल्वेचा आहे. मध्य रेल्वेचा जुना ५ हा आता ११ आहे.

तुम्ही म्हणाल, "सोपे आहे. जुन्या आकड्यात ७ मिळवायचे." करून पाहा. जुना १ चा ८ झाला, बरोबर. पण जुना ३ चा १० झाला नाही, ९ झाला! कारण फलाट १ रुंद करण्यासाठी मधला जुना फलाट २ काढून टाकला होता. म्हणून ३ पासून पुढे ६ मिळवावे लागतात. अंदाजाने जुनी आठवण दुरुस्त करता येत नाही. पाटीच पुन्हा वाचावी लागते, हा यातला पहिला धडा.

हाच पेच संगणकाला रोज पडतो. तो कसा सुटतो हे समजण्यासाठी आपण दादरहून लालबागला येऊ आणि तेथे एक शाळा आहे अशी कल्पना करू.

या शाळेतील नववीच्या मुलांनी तळहातावर मावणारा एक छोटा संगणक विजेच्या घंटेला जोडला आहे. संगणकाने काय करायचे याच्या सूचना, म्हणजेच आज्ञावली, त्यांनी पायथन या भाषेत लिहिली. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९९१ साली ही भाषा लोकांसमोर आणली. अशा भाषांना स्क्रिप्ट भाषा म्हणतात. त्यांत लिहिलेला मजकूर निराळी खटपट न करता लगेच चालवून पाहता येतो, म्हणून शिकणाऱ्यांना त्या सोयीच्या पडतात. मोठी आज्ञावली लहान-लहान भागांत विभागतात. अशा भागाला मॉड्यूल म्हणतात. आपल्या मुलांनी दोन मॉड्यूल केले: एक घंटा वाजवणारा आणि दुसरा वेळा सांगणारा.

घंटेच्या वेळा मात्र त्यांनी आज्ञावलीत लिहिल्या नाहीत. त्या वेगळ्या फाईलमध्ये ठेवल्या:

पहिला तास = ७.३०
दुसरा तास = ८.०५
मधली सुट्टी = १०.१०
शाळा सुटणे = १२.३०

हे त्यांनी फार चांगले केले. वेळ बदलायची झाली, तर आज्ञावलीला हात लावायला नको. सरांनी फाईल उघडावी, आकडा बदलावा, झाले. बदलू शकणाऱ्या गोष्टींच्या अशा यादीला कॉन्फिगरेशन फाईल म्हणतात. आज्ञावली ही जणू आगगाडी आणि ही फाईल म्हणजे स्टेशनावरची पाटी.

आता प्रश्न असा, की ही पाटी वाचायची केव्हा?

पहिली रीत सरळ आहे. दर सेकंदाला फाईल उघडा, वाचा आणि आता घंटा वाजवायची का ते ठरवा. यात चूक होणार नाही. पण हिशेब करा. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे जी फाईल वर्षातून चार-सहा वेळा बदलणार, ती दिवसातून ८६,४०० वेळा वाचायची! शिवाय नुसते वाचून भागत नाही. "७.३०" ही संगणकाच्या दृष्टीने केवळ चार चिन्हे आहेत: सात, टिंब, तीन, शून्य. ओळी वेगळ्या करणे, बरोबरीच्या चिन्हावर तुकडे पाडणे, चिन्हांची वेळ बनवणे, हे सारे दर खेपेला आलेच.

संगणकाच्या मुख्य स्मृतीतून एखादी गोष्ट मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या चकतीवर नेमकी जागा शोधून तेथून वाचायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे १ लाख पट अधिक! स्मृतीतून वाचायला १ सेकंद लागतो असे धरले, तर चकतीकडे जाऊन यायला जवळजवळ २८ तास लागतील. नव्या प्रकारच्या साठवणीला इतका वेळ लागत नाही आणि नुकतीच वाचलेली फाईल संगणक आपण होऊन स्मृतीत धरूनही ठेवतो. तरी चिन्हांची वेळ बनवण्याचे काम उरतेच. एका घंटेसाठी हा खर्च कोणाला जाणवणार नाही. पण सेकंदाला हजारो प्रश्नांची उत्तरे देणारा संगणक असेल, तर तो पाटी वाचण्यातच दमून जाईल.

म्हणून दुसरी रीत निघाली. आज्ञावली सुरू होताना फाईल एकदाच वाचायची आणि तयार झालेल्या वेळा स्मृतीत ठेवून द्यायच्या. अशा हाताशी ठेवलेल्या प्रतीला कॅश म्हणतात. याचा रोख पैशांशी संबंध नाही बरे का! लपवणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून तो आला आहे. झटपट स्मृतीची ही कल्पना इंग्लंडमधील मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली मांडली. १९६८ साली आयबीएम कंपनीच्या ३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या संगणकाबरोबर 'कॅश' हे नाव रूढ झाले.

आपल्या मुलांनी हीच रीत वापरली. घंटा महिनाभर सुरेख वाजली. मग सहामाही परीक्षा आली. पहिला पेपर ८ ते १०.३०. सरांनी आदल्या संध्याकाळी फाईल उघडून "मधली सुट्टी" या ओळीत १०.१० च्या जागी १०.३० लिहिले. दुसऱ्या दिवशी काय झाले असेल? बरोबर १०.१० ला घंटा घणघणली! एका वर्गावर नव्याने आलेल्या बाई होत्या. घंटा झाली म्हणून त्यांनी उत्तरपत्रिका गोळा केल्या. त्या वर्गातील मुलांची २० मिनिटे आणि शेवटचा प्रश्न हातचा गेला.

चूक कोणाची? सरांनी फाईल उघडून दाखवली, तीत १०.३० असेच होते. मुलांनी आज्ञावली तपासली. तीत काहीच बिघाड नव्हता. फाईल बरोबर, आज्ञावली बरोबर, तरी घंटा चुकली! कारण आज्ञावलीने पाटी महिन्यापूर्वी वाचली होती आणि नंतर तिकडे वळूनही पाहिले नव्हते. अशा चुका सापडायला फार अवघड असतात. शिळे उत्तर दिसायला ताज्या उत्तरासारखेच असते. "बंद करून पुन्हा चालू करा" हा घरगुती उपाय पुष्कळदा लागू का पडतो, तेही यावरून कळेल. बंद केल्यावर जुनी आठवण पुसली जाते आणि चालू होताना पाटी नव्याने वाचली जाते.

मग दर वेळी वाचू नये आणि कायमचे लक्षातही ठेवू नये, तर करावे काय? येथे एक छोटीशी युक्ती कामी येते. प्रत्येक फाईलबरोबर ती शेवटची केव्हा बदलली ती वेळ आणि तिचा आकार यांची नोंद संगणक ठेवतो. ही नोंद विचारायला फाईल उघडावी लागत नाही. तिला आपण फाईलचा शिक्का म्हणू. वेळा सांगणाऱ्या मॉड्यूलने असे करावे:

१. फाईलचा आताचा शिक्का विचारावा.
२. तो आपण जपलेल्या शिक्क्यासारखाच असेल, तर हाताशी असलेल्या वेळा द्याव्यात.
३. शिक्का वेगळा असेल, तर फाईल नव्याने वाचावी आणि नव्या वेळा व नवा शिक्का जपून ठेवावा.

पायथन भाषा स्वतःही अशीच वागते. एखादा मॉड्यूल प्रथम वापरताना ती त्याचे सोयीच्या रूपात भाषांतर करते आणि ते निराळ्या फाईलमध्ये ठेवते. सोबत मूळ फाईलची बदलाची वेळ आणि आकार लिहून ठेवते. पुढच्या खेपेला दोन्ही जुळले, तर तयार भाषांतर वापरते. नाही जुळले, तर पुन्हा भाषांतर करते.

युक्ती सोपी वाटली तरी तीत काही खाचखळगे आहेत. शिक्का आधी पाहावा आणि फाईल नंतर वाचावी. उलट केले तर काय होईल? समजा, आपण वाचून झालो आणि शिक्का पाहण्याआधीच सरांनी आकडा बदलला. मग आपल्याजवळ मजकूर जुना आणि शिक्का नवा! यापुढे शिक्का जुळतच राहील आणि चूक कधीच सुधारणार नाही. शिक्का आधी पाहिला, तर फार तर एकदा जास्त वाचावे लागेल, इतकेच.

शिक्का "नंतरचा आहे का" असे विचारू नये. "वेगळा आहे का" असे विचारावे. परीक्षा संपल्यावर सरांनी जपून ठेवलेली जुनी फाईल तिच्या जुन्या तारखेसह परत आणली, तर तिचा शिक्का आधीचा असेल. तरीही ती वाचायला हवीच. आणि केवळ आकारावर विसंबू नये. १०.१० चे १०.३० केले, तर फाईल एका अक्षरानेही वाढत नाही!

सर फाईल लिहीत असतानाच आज्ञावलीने ती वाचली, तर अर्धवट मजकूर हाती येईल. म्हणून नवा मजकूर दुसऱ्या फाईलमध्ये पूर्ण लिहावा आणि शेवटी तिला जुन्या फाईलचे नाव द्यावे. युनिक्स घराण्यातील संगणकांवर, दोन्ही फाईली एकाच साठवणीत असतील तर, हा नावाचा बदल एका दमात होतो. वाचणाऱ्याला जुनी तरी मिळते, नाही तर नवी. अर्धी कधीच नाही. आणि नव्या फाईलमध्ये "२५.९०" असे काही भलतेच लिहिलेले आढळले, तर शेवटच्या बरोबर वेळा चालू ठेवाव्यात आणि सरांना स्पष्ट इशारा द्यावा. गप्प बसू नये.

शेवटी एक प्रश्न उरतो. शिक्का विचारायलाही थोडा वेळ लागतोच. मग तो किती वेळाने विचारावा? तुमच्या वडिलांचा किंवा ताईचा रेल्वेचा पास आठवा. त्यावर मुदत छापलेली असते. पास पाहणारा तिकीट तपासनीस कचेरीत विचारायला जात नाही. मुदत संपेपर्यंत तो पासावर विश्वास ठेवतो. आज्ञावलीलाही अशी मुदत घालून देता येते: १० सेकंद, १ मिनिट, १ दिवस. मुदत लांब, तर काम कमी पण शिळेपणा अधिक. मुदत आखूड, तर माहिती ताजी पण काम जास्त. शाळेच्या घंटेला १० सेकंदांची मुदत पुरेल. आकाशाचा रंग बदलणाऱ्या एखाद्या खेळाला १ दिवसाचीही चालेल. रुग्णाला द्यायच्या औषधाचे प्रमाण सांगणाऱ्या यंत्राला मात्र ती फार विचारपूर्वक ठरवावी लागेल. जुनी माहिती किती वेळ खपवून घ्यायची, हे संगणक सांगू शकत नाही. तिने कोणाचे किती नुकसान होईल, याचा विचार माणसालाच करावा लागतो.

करून पाहा: फळ्यावर चार आकडे लिहा. एका मित्राला ते पाठ करायला सांगून फळ्याकडे पाठ करून बसवा. दुसऱ्याला दर वेळी वळून फळा वाचायला सांगा. तिसऱ्याने वळायचे नाही, फळ्याजवळ उभ्या असलेल्या मुलाला फक्त "बदलले का?" असे विचारायचे आणि "हो" म्हटले तरच वळायचे. आता प्रश्न विचारा आणि मधूनच गुपचूप एखादा आकडा बदला. कोण झटपट उत्तर देतो, कोण चुकतो, आणि चुकणाऱ्याला आपण चुकलो हे कळते का, याची नोंद करा.

आणि दादरला जाल, तेव्हा एकदा मान वर करून पाटी वाचा!