त्वचेचा कर्करोग : उपचारकाळातील आहार

कापडाच्या व्यापारात ज्यांच्या पिढ्या गेल्या, अशा आमच्या सुरतेतील सभासदांस एक माहिती विशेष वाटेल. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर व सूर्याबाई यांनी १९४५ साली कमरेच्या त्वचेवर होणाऱ्या एका कर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळल्याने तेथील कातडी घासून तो उद्भवतो. वैद्यकात त्यास धोतराचेच नाव मिळाले. त्याचे मूळ वस्त्राच्या घर्षणात होते, ताटातील पदार्थांत नव्हे.

तरीही रोगाचे निदान होताच घरात पहिला प्रश्न पथ्याचाच निघतो. कोणी दूध वर्ज्य करण्यास सांगतो, कोणी केवळ फळांच्या रसावर राहण्यास. आहाराने हा रोग विरघळत नाही, हे आम्हांस स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्वचेचा कर्करोग पूर्वी झालेल्या १,८०५ रुग्णांवरील एका प्रयोगात ५ वर्षेपर्यंत रोज ५० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन देऊन पाहिले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवे कर्करोग त्यामुळे कमी झाले नाहीत. म्हणून पथ्यावर विसंबून शस्त्रक्रिया लांबविणे घातक होय.

मग आहाराचे कार्य कोणते? जखम भरून आणणे, वजन राखणे आणि उपचार पुरे करण्याचे बळ देणे. लहानशी गाठ काढली असेल, तर नेहमीचा सकस आहार पुरतो. मोठी शस्त्रक्रिया, त्वचारोपण अथवा औषधोपचार चालू असता प्रथिनांची गरज वाढते. शरीराच्या दर किलो वजनामागे ती सामान्यतः १ ते १॥ ग्रॅम धरतात. ५० किलोच्या रुग्णास दिवसाला ५० ते ७५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

आपल्या स्वयंपाकघरात याची सोय आहे. मूग, तूर, चणे, शेंगदाणे, दूध व पनीर यांतून प्रथिने मिळतात. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी डाळ व दही निरनिराळ्या वेळी घ्यावे. जखम भरण्यास लागणारे क जीवनसत्त्व आवळा, लिंबू, मोसंबी यांत असते. कंदमुळांवाचूनही काही अडत नाही. बटाट्याचे काम भात व केळे करते, गाजराचे पपई व लाल भोपळा.

खरी अडचण चोविहार व तपश्चर्या यांची आहे. सूर्यास्तापूर्वीच जेवण आटोपावयाचे, तर रुग्णास दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. आयंबिलात दूध-तूपही वर्ज्य असते. क्षीण झालेल्या रुग्णास ते झेपत नाही. शास्त्राने प्रत्याख्यानातच आगार ठेवले आहेत आणि त्यांत रोगपीडेने समाधी ढळू नये यासाठीही सवलत आहे. तेव्हा ज्येष्ठांनी उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी गुरुमहाराजांस रोगाची व डॉक्टरांस व्रताची कल्पना द्यावी. तप पुढेही करता येईल. उपचाराची वेळ मात्र थांबत नाही.

घरच्यांनी आठवड्यातून एकदा रुग्णाचे वजन करून मांडून ठेवावे आणि ते घटू लागल्यास डॉक्टरांस कळवावे. चालू असलेली चूर्णे व काढेही त्यांच्यापासून लपवू नयेत, कारण काहींमुळे शस्त्रक्रियेत रक्तस्राव वाढतो. दुकानाचा जमाखर्च चोख ठेवणाऱ्या आमच्या बांधवांना ही एवढी नोंद जड जाऊ नये.