काटा केव्हा चढतो?

एप्रिल-मे महिन्यात साखरप्याकडून आंबा घाट चढू लागले, की एखाद्या वळणावर बॉनेट उघडे टाकून उभी असलेली जुनी पिकअप हमखास दिसते. मागे आंब्याच्या पेट्या, वर ताडपत्री, पुढून वाफ निघते आहे आणि चालक पाण्याचा कॅन हातात घेऊन ताटकळलेला. काय झाले विचारले, तर तो दोन शब्दांत सांगतो, "गाडी तापली." पुढे गॅरेजमध्येही तो हेच दोन शब्द सांगतो आणि मिस्त्री अंदाजाने एकेक भाग बदलू लागतो. आम्ही कविता लिहिणारे लोक शब्द जपून वापरावा म्हणतो; गॅरेजात तर एक शब्द कमी पडला म्हणून हजारो रुपये गेलेले मी पाहिले आहेत. तो कमी पडलेला शब्द म्हणजे "केव्हा".

इंजिन तापणे हा मुळात दोषच नव्हे. डिझेल जळून जी उष्णता निघते तिचा साधारण एक तृतीयांश भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो, जवळपास तेवढाच धुरावाटे निघून जातो आणि उरलेली उष्णता मुख्यतः पाण्याला वाहून न्यावी लागते. पंप, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री वॉटर बॉडी म्हणतात, तो हे पाणी इंजिनातून फिरवतो. पाणी तापले की साधारण ८० ते ८५ अंशांना थर्मोस्टॅटची झडप उघडू लागते आणि पाणी रेडिएटरमध्ये जाते. तिथल्या बारीक नळ्यांतून ते उतरते, पंखा आणि समोरचा वारा त्याला थंड करतात, आणि पाणी पुन्हा इंजिनात. या फेऱ्यात पाणी कमी पडते, अडते, किंवा पाणी असून वारा मिळत नाही. बहुतेक बिघाड या तीन घरांतले असतात, आणि कोणते घर हे काटा केव्हा चढतो यावरून पुष्कळसे कळते.

गाडी सिग्नलला, बाजारात, फाटकापाशी उभी असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्याला लागली की उतरतो, असे असेल तर वारा कमी पडतो आहे. धावत्या गाडीला वारा फुकट मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंख्याचा. मग इंजिन बंद करून आधी पट्टा पाहावा. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण अर्धा इंच दबावा. त्याहून फार ढिला असेल तर घसरत असणार. पंख्याभोवतीचे कडे, म्हणजे श्राउड, जागेवर आहे ना तेही पाहावे. मागच्या दुरुस्तीत ते काढलेले असते आणि कोपऱ्यात पडून राहते. ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून वारा ओढण्याऐवजी तिथल्या तिथे घुसळतो.

उलट, उभी असताना गाडी शांत, पण लांब चढाला किंवा भरल्या मालाने धावताना काटा चढतो, तर संशय पाण्याच्या वाहण्यावर घ्यावा. रेडिएटरच्या नळ्या बुजल्या असतील, पंपाची पाती झिजली असतील, खालचा होज पाईप मऊ पडून वेग वाढला की चपटा होत असेल. आणि थंड गाडी सुरू करून चार-पाच मिनिटांत काटा वर गेला, पण रेडिएटर थंडगार, तर झडप बंद अवस्थेत अडकली आहे असे समजायला हरकत नाही. ती काढून भांड्यातल्या पाण्यात बुडवावी आणि पाणी तापवावे. उघडली तर ठीक, नाही तर नवी घ्यावी.

इथे गॅरेजांतल्या एका आवडत्या उपायाबद्दल बोलले पाहिजे. "झडपच काढून टाका, थंड राहील." झडप काढली की इंजिन लवकर गरम होत नाही, डिझेल जास्त पिते, झीज वाढते, आणि खरा दोष रेडिएटरचा असेल तर तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत झाकून राहतो. तापमापक फोडून ताप उतरवण्यातलाच हा प्रकार.

रेडिएटरचे झाकण ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू. त्यावर बहुधा ०.९ किंवा १३ असा आकडा असतो; पहिला बारमध्ये, दुसरा पौंडांत, दाब एकच. या दाबामुळे आतले पाणी १०० अंशांना न उकळता सुमारे ११८ अंशांपर्यंत दम धरते. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, म्हणजे घाटमाथ्यावर तर या झाकणाची गरज अधिकच. त्याचे रबर कडक झाले वा स्प्रिंग ढिली पडली, की पाणी आधीच उकळून बाहेर सांडते आणि लोक इंजिनाला दोष देतात.

पण हेच झाकण घातकही आहे. तापलेल्या गाडीचे झाकण उघडले की दाब एकदम जातो आणि ११० अंशांच्या पाण्याची क्षणात वाफ होऊन ती तोंडावर येते. एका क्लीनर पोराचा कोपरापासून मनगटापर्यंत सोललेला हात मी पाहिला आहे; त्याच्या मालकाला फक्त दहा मिनिटे वाचवायची होती. गाडी बाजूला घेऊन बंद करावी, निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा, वरचा पाईप हाताने दाबता येण्याइतका नरम आणि कोमट झाला की जाड फडके धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे आणि फुस्स थांबल्यावर काढावे. तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतू नये. हेडला तडा जातो, आणि मग स्वस्त बिघाड महाग होतो.

आता हेडचे. माझा धाकटा भाऊ कोल्हापूरहून कोकणात भाजीपाला नेतो आणि येताना मिळेल तो माल आणतो. त्याची पिकअप जुनी आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी ती घाटात तापू लागली. एका गॅरेजने उभ्या उभ्या सांगितले, हेड गॅसकेट गेले, हेड उतरवून फेसिंग करावे लागेल, आठवडा जाईल. आंब्याच्या हंगामात आठवडाभर गाडी उभी राहणे म्हणजे पावसाळ्यातले हप्ते अंगावर येणे. भाऊ घरी येऊन म्हणाला, "भाई, पैसे उसने घ्यावे लागतील." मी म्हणालो, "आधी सांग, तापते केव्हा?" रिकामी असताना तापत नव्हती. सपाटीवर भरलेली असली तरी फारशी नाही. भरून घाट चढताना मात्र दर खेपेला.

गॅसकेट गेले की काही खुणा दिसतात, आणि त्या घरी पाहता येतात. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढून पाणी काठोकाठ भरले आणि गाडी सुरू केली. बुडबुड्यांची रांग लागली नाही. ऑईलची पट्टी काढून पाहिली; ऑईल काळे होते, दुधाळ चहासारखे नव्हते. धुरात पांढरी वाफ नव्हती. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा वरचा पाईप फुगून कडक झालेला नव्हता. एवढ्याने शंभर टक्के खात्री होत नाही, पण हेड उतरवण्याआधी थांबावे इतके नक्की कळते.

मग भाऊ गाडी गरम होईपर्यंत फिरवून आला. इंजिन बंद करून, पंखा थांबल्यावर, त्याने रेडिएटरच्या जाळीवरून तळहात फिरवला. वरचा भाग चटका देणारा, आणि खाली डाव्या अंगाला जवळजवळ वीतभर पट्टा थंड. जिथे पाणी जातच नाही तिथे जाळी गरम कशी होणार? रेडिएटरवाल्याने टाकी सोडवली तेव्हा तेवढ्या नळ्या पिवळट पांढऱ्या खड्याने बुजलेल्या निघाल्या. स्वयंपाकघरात पाणी तापवायच्या भांड्याला आतून बसतो तोच हा क्षार. गाडीत वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरलेले होते. त्याने नळ्यांत पट्टी घालून रॉडिंग केले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी परत मिळाली. खर्च हेडच्या अंदाजाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी.

म्हणून हेडचे निदान नेहमी खोटेच असते असे नाही. काटा लाल रेषेवर असताना "घर जवळ आले" म्हणून गाडी रेटली, की ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि चांगले गॅसकेटही जाते. कधी दोष पाण्याचा नसतोच. ब्रेक धरून राहिलेला असतो किंवा गाडीत दीडपट माल असतो. आणि कधी नुसता काटा किंवा सेन्सर खोटे बोलतो. जाळी कोमट आणि काटा लालमध्ये, असे दिसले तर आधी वायर तपासावी.

रेडिएटर साफ झाल्यावर त्यात पुन्हा बोअरचे पाणी ओतू नये. कूलंट आणि बॅटरीचे शुद्ध पाणी निम्मे-निम्मे, किंवा डब्यावर लिहिले असेल त्या प्रमाणात घालावे. कूलंट उत्कलनबिंदू थोडासाच वाढवते. त्याचे खरे काम गंज आणि क्षार रोखणे हे आहे. भरताना झाकण उघडे ठेवून इंजिन थोडा वेळ मंद चालू द्यावे, म्हणजे अडकलेली हवा निघते आणि पातळी खाली गेली की पुन्हा भरता येते. पुढे महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी थंड असताना झाकण काढून आत पाहावे. हिरवे किंवा गुलाबी घातलेले पाणी तांबूस दिसू लागले तर आत गंज धरतो आहे. वर तेलाचा तवंग दिसला तर त्या दिवशी माल भरू नये.