सोळाशे किलोमीटर आणि एक बाकडं

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. रातराणी घेऊन गेलेला माणूस सकाळी घरी आला की आई चहाचं आधण ठेवता ठेवता एकच प्रश्न विचारायची, "डोळा कुठे टेकलात?" गाडी वेळेवर पोहोचली का, हे तिनं कधी विचारल्याचं मला आठवत नाही. लहानपणी या प्रश्नाची गंमत वाटायची. त्याचा अर्थ कळायला मला वयाची एकेचाळीस वर्षं आणि दीड हजार किलोमीटर लागले.

गोष्ट डिसेंबर २०१९ ची. मोटरसायकलचं वेड मला कॉलेजपासून. त्यातच 'सॅडलसोअर १०००' या प्रकाराबद्दल वाचनात आलं. अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन नावाची संस्था आहे. नावाचा अर्थ 'लोखंडी बूड' असा काहीसा, आणि काम नावाला साजेसं. तिची मोठी शर्यत १९८४ साली पहिल्यांदा झाली. अकरा दिवसांत सुमारे अकरा हजार मैल, म्हणजे साडेसतरा हजार किलोमीटरच्या पुढे! 'सॅडलसोअर' ही त्या मंडळींची पहिली यत्ता. चोवीस तासांत एक हजार मैल, म्हणजे १६१० किलोमीटर. शेजारी पळणारा स्पर्धक नाही, शिट्टी नाही, झेंडा नाही. शर्यत घड्याळाशी. पुरावा म्हणून पेट्रोलच्या पावत्या जपायच्या. पहिल्या पावतीवरची वेळ हीच सुरुवात.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, म्हणून दक्षिणेचा रस्ता धरायचं ठरलं. पुण्याहून बंगळूरची वेस गाठायची आणि मागे फिरायचं. जाऊन-येऊन साधारण साडेसोळाशे. कागदावर हिशेब सोपा होता, ताशी सरासरी सदुसष्ट. पण चौपदरी महामार्गावर मोटरसायकलला ऐंशीची मर्यादा. अखंड ऐंशीनं गेलं तरी वीस तास जातात. उरलेल्या चार तासांत पेट्रोल, जेवण, गावातली गर्दी, गतिरोधक आणि शरीराचे सगळे विधी. म्हणजे काटा अधूनमधून मर्यादेपलीकडे जाणार, हे मला निघण्याआधीच ठाऊक होतं. त्याचं समर्थन मी आज करणार नाही.

पहाटे ३ वाजून १२ मिनिटांची पावती खिशात घालून कात्रजचा बोगदा ओलांडला. खंबाटकीत थंडीनं बोटं आखडली, कोल्हापूरच्या अलीकडे तांबडं फुटलं. या खेळात वेळ रस्त्यावर मिळत नाही, थांब्यावर वाचवावी लागते, हे लवकरच कळलं. दहा मिनिटांचे दहा थांबे म्हणजे पावणेदोन तास गेलेच की! हेल्मेट न काढता पेट्रोल, उभ्या उभ्या पाणी आणि बायकोनं दिलेल्या दशम्या. हुबळी-धारवाडचा बाह्यवळण रस्ता तेव्हा दोन पदरीच होता. समोरून येणाऱ्या ट्रकच्या वाऱ्यानं गाडी हलायची. चित्रदुर्गच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या दिसल्या तेव्हा मन इतकं प्रसन्न होतं की मोठ्यानं गाणं म्हटलं. दुपारी दोनच्या सुमारास बंगळूरच्या वेशीवर पावती घेतली आणि गाडी वळवली.

परतीचा रस्ता तोच, माणूस मात्र तो राहत नाही. दावणगेरेपर्यंत मावळतीचं ऊन डाव्या डोळ्यात खुपत होतं. मग अंधार. बेळगावला रात्रीचे दहा. खांदे दगडासारखे झालेले, तळहात बधिर. पण ज्याला मी थकवा समजत होतो तो खरा शत्रू नव्हताच. अंग दुखलं की कळतं. झोप येताना मात्र सांगून येत नाही. वडील म्हणायचे, "झोप तिकीट काढून थांब्यावर चढत नाही रे, धावत्या गाडीत चढते."

पेठ नाका गेल्याचं मला आठवतं. त्यानंतर डोळ्यांसमोर आला तो थेट कराडचा पूल. मधले तीसेक किलोमीटर माझ्या आठवणीत नाहीत. आजही नाहीत. गाडी मीच चालवली, वळणं मीच घेतली असणार. ताशी ऐंशीच्या वेगात सेकंदाला बावीस मीटर रस्ता मागे पडतो. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ नव्वद मीटर, डोळे मिटून.

उंब्रजजवळ चहाच्या टपरीवर थांबलो तेव्हा रात्रीचे १ वाजून २५ मिनिटं झाली होती. १५१० किलोमीटर पूर्ण. शंभर बाकी आणि हातात पावणेदोन तास. रस्ता ओळखीचा, मोकळा. तोंडावर पाणी मारून निघावं, असं मन सांगत होतं. चहावाल्यानं ग्लास पुढे केला, मी तो धरला आणि अर्धा चहा हातावर सांडला. चटका बसल्याचं मला दोन क्षण उशिरा कळलं.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिलं होतं की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हातडोळे रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखे वागतात, आणि चोवीस तासांनी ०.१० टक्के असल्यासारखे. आपल्या कायद्यात वाहनचालकाला मर्यादा आहे ०.०३ ची. मी जागा होतो तेवीस तास. थेंबाला न शिवता मी झिंगलेला होतो, आणि कुणाही पोलिसाच्या यंत्रात ते दिसलं नसतं. समोरच्या रस्त्यावरून कुटुंबं घेऊन निघालेल्या मोटारी जात होत्या. शर्यत माझी होती, त्यांची नव्हती.

मी टपरीवाल्याला विचारलं, "मामा, या बाकड्यावर जरा पडू का?"

"पडा की," तो म्हणाला. "ड्रायव्हर लोक पडत्यातच हितं."

जाग आली तेव्हा पावणेचार वाजले होते. चोवीस तास कधीच उलटून गेले होते. अंगावर कुणीतरी पोतं टाकलं होतं. वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. वर्षभराची तयारी शंभर किलोमीटरसाठी गेली, याची हळहळ साताऱ्यापर्यंत पुरली. पुढे वाचलं, की त्या लोखंडी मंडळींमध्येसुद्धा गाडीशेजारी जमिनीवर वा बाकड्यावर झोपण्याला मान आहे. त्याला ती गमतीनं 'आयर्न बट मोटेल' म्हणतात. डुलकी कधी काढायची हे ज्याला कळतं, तोच अकरा दिवस टिकतो.

सकाळी घरी पोहोचलो. वडील अंगणात पेपर वाचत बसले होते. बायको धावत बाहेर आली, "झालं का पुरं?" मी मान हलवली.

वडिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पेपराची घडी केली आणि विचारलं, "डोळा कुठे टेकलास?"

"उंब्रजला, बाकड्यावर," मी म्हणालो.

"बरं केलंस," एवढंच म्हणून ते चहा टाकायला आत गेले.